आधी साखर कपात
वाचकांचे प्रश्न : मुरुमं, ताट आणि घरगुती लेप

सांगली-सातारा भागातून मुरुमांबद्दल आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न होते तिथे एकत्र उत्तर दिलं आहे.

माझी मुलगी अकरावीत आहे. कपाळावर आणि गालांवर मुरुमं येतात. चार महिने तेलकट-तिखट पूर्ण बंद केलंय, अगदी ठेचासुद्धा. उष्णता असेल म्हणून रोज सब्जा देते. काडीचा फरक नाही. तिचं खाणं साधंच आहे : दोन वेळा चहा-बिस्किटं, मधल्या सुट्टीत भडंग, क्लासवरून येताना उसाचा रस, घरचाच बेदाणा मूठभर. आणखी काय बंद करू?
*(एक आई, तासगाव)*

पहिलं काम, तिचा ठेचा तिला परत द्या. तिखटाने मुरुमं येत नाहीत. भज्याचं तेल पोटातून थेट गालावर येत नाही. सब्जाने नुकसान काही नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

त्वचेतल्या प्रत्येक केसाच्या मुळाशी तेलाची एक बारीक ग्रंथी असते. वयात येताना संप्रेरकांमुळे ती जास्त तेल सोडते. छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशींचं बूच बसतं, मागे तेल साचतं, तिथे राहणारे जिवाणू वाढतात आणि सूज येते. आहाराचा हात इथे कुठे पोहोचतो? रक्तातली साखर झपाट्याने चढली की इन्सुलिन वाढतं, त्यासोबत वाढीला लागणारी आणखी काही संप्रेरकं वाढतात, आणि त्या ग्रंथींना 'आणखी तेल काढा' असा हुकूम जातो. म्हणून तिखट-तेलकटाचा हिशोब सोडा आणि गोडाचा मांडा.

तुम्ही दिलेल्या यादीवरूनच मांडू. दोन कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे १६ ते २० ग्रॅम. उसाच्या रसाचा मोठा ग्लास, ३० ग्रॅमच्या वर. मूठभर म्हणजे साधारण ३० ग्रॅम बेदाण्यात जवळजवळ २० ग्रॅम साखर. बिस्किटं धरण्याआधीच सत्तरीच्या आसपास गेलो. भडंगात साखर नावालाच, पण कुरमुरे इतके फुललेले आणि हलके की पोटात गेल्या गेल्या त्यांची साखर होते.

ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या ४३ मुलांवर केलेला १२ आठवड्यांचा एक प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. हळू पचणारं आणि प्रथिनं जास्त असलेलं जेवण घेणाऱ्यांची मुरुमं सरासरी २४ च्या आसपास कमी झाली, नेहमीचं खाणाऱ्यांची १२. पहिल्या गटाचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय ताटालाच देता येत नाही. तरी करून पाहण्याजोगं नक्की आहे.

तर असं करा. चहातली साखर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत अर्ध्या चमच्यावर आणा. एकदम तोडली की चार दिवसांत पोरगी बंड करते. गूळ घातला तर चालेल का, असं पुढचं पत्र येण्याआधीच सांगतो : नाही, गूळ हीसुद्धा साखरच, फक्त रंगाने काळी. रस आठवड्यातून एकदा, छोटा ग्लास. बेदाणा घरचा आहे म्हणून तो बिनसाखरेचा होत नाही; आठ-दहा दाणे, तेही जेवणानंतर. डब्यात भडंगाऐवजी फुटाणे-शेंगदाणे किंवा मटकीची उसळ, आणि भडंग हवाच असेल तर निम्मे शेंगदाणे घालून. रात्री भाताचा ढीग कमी करून ज्वारीची भाकरी आणि वाटीभर उसळ. कोरेगावचा वाघ्या घेवडा मिळाला तर उत्तमच.

वाट मात्र १२ आठवडे पाहायची. आज दिसणाऱ्या मुरमाचं बूच दीड-दोन महिन्यांपूर्वी बसलेलं असतं, त्यामुळे पहिल्या महिन्यात नवी मुरुमं येतच राहतील. बहुतेक घरांत चांगला उपाय नेमका याच महिन्यात सोडला जातो.

वय १९. तालमीत जातो. खुराकात रोज दोन लिटर दूध, थंडाई आणि सहा महिन्यांपासून दोन स्कूप प्रोटीन पावडर. पाठ आणि छाती फोडांनी भरली आहे. वस्ताद म्हणतात, ताकद अंगात मुरतेय.
*(एक पैलवान, मिरज)*

वस्तादांना नमस्कार, पण हे ताकदीचं लक्षण नाही. संशय सर्वांत आधी पावडरवर घ्या. ती बहुधा व्हेची, म्हणजे दुधाच्या निवळीपासून केलेली असते आणि इन्सुलिन चांगलंच वाढवते. दुधाचाही मुरुमांशी संबंध दिसतो, साय काढलेल्या दुधाचा जास्तच. दही-ताकाबाबत तसं फारसं आढळलेलं नाही.

दोन्ही एकदम बंद केलंत तर दोष कुणाचा ते कळणार नाही. आधी आठ आठवडे फक्त पावडर थांबवा. एका स्कूपमधून मिळणारी साधारण २४ ग्रॅम प्रथिनं चार अंड्यांतून मिळतात; अंडी चालत नसतील तर ५० ग्रॅम शेंगदाणे आणि ५० ग्रॅम फुटाणे मिळून जवळपास तेवढीच. फरक पडला नाही तर दूध अर्ध्या लिटरवर आणा. थंडाईत बदाम-खसखस राहू द्या, साखर काढा.

लढतीनंतर घामाचा आणि मातीचा थर अंगावर वाळू देऊ नका. तालमीच्या मातीत तेल, ताक, हळद कालवलेली असते. ती घामट कपड्याखाली तासभर दाबून राहिली की छिद्रं बुजतात. लगेच अंघोळ, रोज धुतलेला बनियन, स्वतःचा टॉवेल. पाठ घासणीने खरवडू नका.

दोन गोष्टी तपासा. फोड सगळे एकाच मापाचे, बारीक आणि खाजरे असतील तर ती मुरुमं नसून केसांच्या मुळाशी वाढलेली बुरशी असू शकते. मुरुमांच्या प्रतिजैविक गोळ्यांनी ती आणखी बळावते. आणि कडेने लाल, मध्ये मोकळं असं गोल चकंदळ असेल तर तो नायटा, मॅटवरून एकमेकांना लागणारा. दोन्हीला त्वचातज्ज्ञच हवा. शरीर लवकर भरावं म्हणून कुणी इंजेक्शन किंवा गोळ्या देत असेल तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा. स्टिरॉइडने अशी पाठ महिन्याभरात भरते.

हळदीच्या गावात राहून मुरुमं, म्हणून घरची हळद आणि अख्ख्या लिंबाचा रस कालवून अर्धा तास लावलं. चेहरा भाजल्यासारखा झाला, आता गालांवर काळपट पट्टे आहेत. हळद भेसळीची होती का?
*(एक वाचक, सांगली)*

हळदीवर आळ घेऊ नका, भाजलं लिंबाने. आपली त्वचा किंचित आंबट असते, सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकं आंबट) ५ च्या आसपास. लिंबाचा रस २ च्या जवळ, म्हणजे शेकडो पटींनी तीव्र. शिवाय लिंबातल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की त्वचा होरपळते आणि मग काळे पट्टे उठतात. लेप धुऊन तुम्ही उन्हात गेला असाल तर कारण तेच. लिंबाला पर्याय म्हणून खाण्याचा सोडा लावतात, त्याची दुसऱ्या टोकाची तऱ्हा : तो त्वचेचं आंबट कवचच काढून टाकतो.

आता दोन आठवडे काहीही लावू नका, हळदही नाही. सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा, त्यावर बिनवासाचं हलकं मॉइश्चरायझर आणि बाहेर पडताना एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. पट्टे जायला काही महिने लागतील. घाईने ब्लीच केलंत तर वर्ष लागेल.

हळदीच्या खरेपणाची शंका राहायला नको म्हणून : काचेच्या ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद सोडा आणि ढवळू नका. चांगली हळद तळाशी बसते आणि वरचं पाणी फिकं पिवळं राहतं. पाणी लगेच गडद पिवळं झालं तर रंग मिसळलेला आहे.

त्वचा बरी झाल्यावर लेप लावायचाच असेल तर मुलतानी मातीचा लावा. एक मोठा चमचा माती, तेवढंच साधं पाणी, भज्याच्या पिठासारखं सरसरीत. हळद हवी तर चिमूटभर, दोन बोटांच्या चिमटीतली, चमच्यातली नव्हे. डोळ्यांभोवतीची जागा सोडून पातळ थर द्या. सात-आठ मिनिटांत कडा फिक्या पडू लागतात आणि मधला भाग ओलाच असतो, तेव्हाच उतरवायचा. खडखडीत वाळून भेगा पडेपर्यंत थांबलात तर माती तेलासोबत त्वचेतलं पाणीही ओढते, मग ताण, लाली, साल निघणं. उतरवताना आधी ओल्या हातांनी भिजवा, कोरडा लेप खरवडू नका. आठवड्यातून एकदा पुरे. हा लेप वरचं तेल टिपतो, आतलं बूच काढत नाही. अपेक्षा तेवढीच ठेवा.

मुलाच्या कपाळावर केसांच्या कडेने बारीक पुटकुळ्या आहेत. रोज रात्री खोबरेल तेलाने डोकं माखून झोपतो.
*(एक आजी, वाई)*

उत्तर तुमच्या प्रश्नातच आलं. तेल अंघोळीआधी तासभर लावा, कपाळावर ओघळू देऊ नका आणि धुऊन टाका. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला. चेहऱ्याला खोबरेल नको.

वय २८. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला दुखणारी गाठीसारखी मुरुमं. पाळी दोन-दोन महिने येत नाही. मेडिकलमधून एक गोरं करणारं मलम आणलं होतं, त्याने आठ दिवसांत चेहरा साफ झाला. बंद केलं की दुप्पट उठतात, म्हणून वर्षभर लावतेय.
*(एक वाचक, सातारा)*

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही घरगुती उपायाच्या पलीकडच्या.

मलमात बहुधा स्टिरॉइड आहे. ट्यूबवर बारीक अक्षरांत मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव असेल तर खात्रीच. स्टिरॉइड सूज दाबतं म्हणून आठ दिवस चमत्कार दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, ओठांवर आणि हनुवटीवर केस येतात. सोडलं की चेहरा उसळतो आणि माणूस परत ट्यूबकडे वळतो. स्वतःहून झटक्यात बंद करून भरडून घेऊ नका. ट्यूब सोबत घेऊन त्वचातज्ज्ञांकडे जा, ते टप्प्याने उतरवतील. तिथे लाजायचं कारण नाही, हे मलम घेऊन येणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही.

दुसरी गोष्ट पाळीची. दोन पाळ्यांत ३५ दिवसांहून जास्त अंतर, जबड्याला गाठी, चेहऱ्यावर राठ केस, डोक्यावरचे विरळ होणं, यांतली दोन लक्षणं असली तरी पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडाची तपासणी करून घ्या. तिथे वर सांगितलेली साखर-कपात आणि रोजचं भराभर चालणं हा उपचाराचाच भाग असतो. गरोदरपणाचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा : मुरुमांवर लावायचं ॲडापालीन टाळायचं असतं, आणि मुरुमांसाठीच दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी गर्भात गंभीर व्यंग येतं. मैत्रिणीची उरलेली पट्टी कधीही घ्यायची नाही.

रक्तशुद्धीसाठी सकाळी अनशापोटी कडुलिंबाचा रस घेतो, चेहऱ्याला अंगणातली कोरफड लावतो. कोरफडीने खाज सुटते. टी ट्री तेलही आणलंय, कसं वापरू?
*(एक वाचक, कराड)*

मुरुमं रक्त खराब झाल्याने येत नाहीत, त्यामुळे कडुलिंबाच्या कडू घोटाचा इथे उपयोग नाही. पाडव्याला चार पानं पुरेत.

कोरफडीची खाज पिवळ्या चिकाची. खालचं जाडजूड पान बुंध्याशी कापून, कापलेली बाजू खाली करून पेल्यात १५-२० मिनिटं उभं ठेवा, चीक गळून जाईल. मग धुवा, काटेरी कडा आणि साल काढा, गर पुन्हा पाण्याखाली धरा. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास पाहा. तिथेही खाजलं तर तुम्हाला कोरफड मानवत नाही, विषय संपला.

टी ट्री तेल निव्वळ लावलं तर भाजतं. ते ५ टक्क्यांवर आणायचं : एका छोट्या चमचाभर, म्हणजे ५ मिली कोरफडीच्या जेलमध्ये पाच थेंब. फक्त मुरमावर, दिवसातून एकदा, तेही कोपरावर चाचणी घेऊनच. पोटात अजिबात जाता कामा नये. मुरुमं कमी होतात, पण औषधापेक्षा सावकाश. घाई असेल तर २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल बरं, मात्र त्याने रंगीत टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरे पडतात, म्हणून पांढरेच वापरा.

टूथपेस्ट लावली की मुरूम बसतो म्हणतात.
*(एक वाचक, विटा)*

मुरूम वाळतो आणि भोवतालची त्वचा सोलते. नको.

स्कूटरवर रोज स्टोल बांधते. नेमक्या त्याच जागी, गालांवर, मुरुमं येतात. फोडून टाकू का?
*(एक वाचक, इचलकरंजी रस्ता, सांगली)*

स्टोल घट्ट, घामेजलेला आणि आठवडाभर न धुतलेला असेल तर घर्षण आणि ओल मिळून छिद्रं बुजतात. पातळ सुती घ्या, दोन-तीन ठेवा, रोज धुतलेला बांधा, गाल आवळू नका. हेल्मेटचं आतलं अस्तर निघत असेल तर तेही धुवा.

फोडू नका. दाबलं की पू जितका बाहेर येतो तितकाच आत फुटतो, आणि गालावरचे खड्डे तिथेच पडतात. टपोरं, दुखणारं मुरूम असेल तर स्वच्छ कपड्यात गुंडाळलेला बर्फ दोन मिनिटं धरा, ठणका उतरतो. खड्डे पडायला लागलेच असतील तर १२ आठवडे थांबू नका, याच आठवड्यात डॉक्टर गाठा.