गोब्रा पळत का नाही?

ऑक्टोबर लागला, पाणी निवळायला लागलं, की मालवण-तारकर्लीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि माझ्याकडे पत्रांची. अलीकडे त्या पत्रांत एक विषय वरचेवर येतो : पाण्याखाली स्पीअरगन घेऊन, म्हणजे भाल्याने, मासे मारणं. गावं वेगळी, वयं वेगळी, पण गोंधळ तोच. म्हणून या वेळी ती पत्रं एकत्र घेतली आहेत. नावं वगळली आहेत.

प्रश्न : परदेशातून स्पीअरगन आणली आहे. मालवणला स्कुबा करताना सोबत नेली तर चालेल का? (पुणे)

नाही. घरीच ठेवा.

प्रश्न : आम्ही उतरलो होतो तिथल्या माणसाने सांगितलं, की अभयारण्य फक्त कागदावर आहे, आणि पर्यटकाला स्वतःपुरता एक मासा मारायची मुभा असते. हे खरं का? (कोल्हापूर)

खोटं आहे, दोन्ही अर्धी. कुणी असा नियम सांगितला की तो कुठल्या कागदावर छापला आहे, एवढं विचारत जा. बहुतेक वेळा संभाषण तिथेच संपतं.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झालं. क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, आणि त्यातला ३.१८२ चौरस किलोमीटरचा भाग म्हणजे गाभा. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि त्यांच्या आसपासची पाण्याखालची खडपं, म्हणजे खडक, या गाभ्यात येतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चं कलम २९ अभयारण्यातले वन्यजीव नष्ट करायला किंवा काढून न्यायला परवानगीशिवाय मनाई करतं. कलम ३१ तर त्याच्याही आधी थांबवतं : मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरताच येत नाही. शस्त्र म्हणजे बंदूकच, असं समजू नका. कायद्याच्या व्याख्येत सुरी, गळ, जाळी, विष, सापळे आणि प्राण्याला जखमी करू शकणारं कुठलंही साधन येतं. म्हणजे मासा मारला नाही, नुसती स्पीअरगन घेऊन पाण्यात उतरलात, तरी अडचणीत आलात.

शिक्षा किती, हे कुठला जीव मारला यावरही ठरतं. अनुसूची १ मधला, म्हणजे कायद्याच्या सर्वात कडक संरक्षणाच्या यादीतला प्राणी असेल तर किमान ३ वर्षांची कैद आहे. तुमच्या प्रकरणात नेमकं कुठलं कलम लागेल, हे वन विभागाला किंवा वकिलाला विचारा. होडीवर बसलेल्या माणसाला नको.

प्रश्न : किनाऱ्यावर सापडलेला मेलेल्या प्रवाळाचा तुकडा शोकेसमध्ये ठेवला तर? (नाशिक)

ठेवू नका. खडक बांधणारी प्रवाळं अनुसूची १ मध्ये आहेत, आणि मेलेला तुकडाही त्यातून सुटत नाही. आधीच घरी आणला असेल तर जवळच्या वन कार्यालयात विचारा.

प्रश्न : मी फ्रीडायव्हिंग, म्हणजे श्वास रोखून बुडी मारणं, शिकलो आहे. ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडून काढतात, पिल्लंही सोडत नाहीत. भाल्याने मात्र हवा तो एकच मासा निवडून मारता येतो. मग हीच सर्वात स्वच्छ मासेमारी नाही का? शिवाय मोठा मासा म्हाताराच असतो, तो आज ना उद्या मरणारच. (ठाणे)

तुम्ही मनापासून लिहिलं आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते. जाळ्यात नको ते जीव अडकतात आणि भाल्यात अडकत नाहीत, हे तुमचं म्हणणं मान्य. माझी सगळी काळजी 'निवडून' या शब्दापाशी आहे.

भालेवाला निवडतो काय? सर्वात मोठा मासा. फोटोही त्याचाच निघतो. मालवणच्या खडपांत हा सर्वात मोठा मासा बहुधा गोब्रा असतो. ज्याला काही ठिकाणी हेकरू म्हणतात, तोच. त्याची एक ठरलेली कपार असते आणि तो तिच्यापासून फार लांब जात नाही. धोका वाटला तर सुरमईसारखा भर समुद्रात सुसाट निघत नाही, आपल्या कपारीच्या तोंडाशी येऊन बघत राहतो. भाला मारणाऱ्याला याहून सोपं लक्ष्य नाही.

आता त्याचं आयुष्य बघा. गोब्रे आधी मादी असतात आणि नंतर त्यातले काही नर होतात. एपिनेफेलस कॉइऑइडस या जातीत मादी २५ ते ३० सेंटीमीटरची, म्हणजे दोन-तीन वर्षांची झाली की अंडी द्यायला लागते. मादीचा नर होतो तो ५५ ते ७५ सेंटीमीटरच्या टप्प्यावर. म्हणजे तुम्ही निवडलेला तो 'म्हातारा' त्या खडपावरचा एकुलता एक नर असू शकतो. तो गेला की उरलेल्यांतल्या एखाद्या मोठ्या मादीचा नर व्हावा लागतो, त्याला वेळ लागतो, आणि तिची अंडीही जातात. पुढच्या सुट्टीत भालेवाला परत येतो आणि पुन्हा सर्वात मोठाच निवडतो. असं चार हंगाम चाललं, तर खडपावर मासे दिसत राहतील, रंगीत दिसतील, पर्यटक खूशही होतील. पण त्यांच्यातले बाप संपलेले असतील.

मोठी मादीच निघाली तरी नुकसान कमी नाही. माशांत अंड्यांचा हिशेब वजनाच्या प्रमाणात चालत नाही. मेक्सिकोच्या आखातातल्या तांबोशीच्या भाऊबंदांवरचा एक जुना हिशेब मी विद्यार्थ्यांना दर वर्षी फळ्यावर मांडून दाखवते : ६१ सेंटीमीटरची, साडेबारा किलोची एक मादी जितकी अंडी देते, तितकी द्यायला ४२ सेंटीमीटरच्या, सव्वा किलोच्याही आतल्या २१२ माद्या लागतात. साडेबारा किलो मासळी एकीकडे आणि सव्वादोनशे किलोहून जास्त दुसरीकडे. भाल्याने एक मासा मारला, हे तुमचं म्हणणं मोजणीपुरतंच खरं आहे.

आणि तिसरी गोष्ट. महाकाय गोब्रा, एपिनेफेलस लॅन्सिओलेटस, अनुसूची १ मध्ये आहे. तो अडीच मीटरच्या पुढे वाढू शकतो, पण लहानपणी पिवळा-काळा, पट्ट्यापट्ट्यांचा असतो आणि मधल्या वयात भलताच वेगळा दिसतो. गढूळ पाण्यात, श्वास रोखलेला असताना, दोन सेकंदांत कुठला गोब्रा कुठल्या जातीचा, हे मला सांगता येत नाही. तुम्हाला येतं का?

शिवाय प्रत्येक भाला वर्मी लागत नाही. भाला निसटून पळालेला मासा कपारीत जाऊन मरतो आणि तुमच्या मोजणीत येत नाही.

अभयारण्याबाहेर मासे पकडण्याची हौस असेल, तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्त कार्यालयात जाऊन साधन, होडी आणि जागा, तिन्हींबद्दल लेखी विचारा. विक्रीच्या मासळीतल्या ५४ जातींसाठी राज्याने २०२३ मध्ये किमान आकार ठरवून दिला आहे, ती यादीही तिथेच मागा. आणि मोठा मासा बघायचा असेल, तर कॅमेरा घेऊन या.

प्रश्न : शेवंड (लॉबस्टर) तरी भाल्याने काढलेली चालते ना? (रत्नागिरी)

अभयारण्यात नाही. बाहेरही मी नकोच म्हणेन : शेवंडीच्या शेपटीखाली अंडी आहेत की नाहीत, हे ती हातात आल्यावर कळतं, आणि भाल्यावरून आलेली शेवंड परत सोडता येत नाही. मुंबईच्या समुद्रातली वाळूतल्या चपट्या शेवंडीची मासेमारी १९९४ मध्ये कोसळली, त्यामागे बेसुमार उपसा होता, आणि त्यात अंडीवाल्या माद्याही होत्या.

प्रश्न : ताई, आम्ही रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे). पर्ससीनवाले (अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याचे) एका रात्रीत टनावारी मासळी उचलून नेतात, मासळी खेचायला एलईडी दिवे लावतात, त्यांना कोण विचारत नाही. आणि तुम्ही एका भाल्यावर एवढं काय घेऊन बसलात? (मालवण)

दादा, तुमचा राग खरा आहे. पर्ससीनवर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने निर्बंध आले, एलईडीच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, राज्याचा १९८१ चा मासेमारी नियमन कायदा २०२१ मध्ये सुधारून दंड वाढवला. एवढं होऊनही रात्री समुद्रात दिवे दिसतात, हे तुम्ही मला सांगायला नको आणि मी तुम्हाला.

पण नुकसानीचे हे दोन प्रकार वेगळे आहेत. बांगडा, तारली भराभर वाढतात. बांगडा वर्षभरात अंड्यावर येतो, आणि उपसा थांबवला तर दोन-तीन वर्षांत समुद्र थोडा तरी सावरतो. खडपातल्या गोब्र्याचं तसं नाही. आणि ती खडपं म्हणजे लहान मासळीचं घर आहे. तिथे वाढलेली मासळी बाहेर पडून तुमच्याच रापणीत येते.

अभयारण्यामुळे तुमचा धंदा जाईल, ही भीती १९८७ पासून गावात आहे आणि ती कुणी नीट बसून दूर केली नाही, हेही मी मान्य करते. कायद्याच्या कलम २६अ मध्येच लिहिलं आहे, की प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची पुरेशी व्यवस्था करायची. हे कलम घेऊन तुमच्या संस्थेमार्फत वन विभाग आणि मत्स्य विभाग दोघांनाही लेखी विचारा, कुठल्या हद्दीत कुठली मासेमारी चालेल. एकट्याने जाऊ नका.

प्रश्न : स्कुबा करताना प्रशिक्षकाने हातात ब्रेड दिला. इतके मासे जवळ आले की मुलं हरखून गेली. यात गैर काय? (मुंबई)

मुलांचा आनंद खरा आहे, त्याला नाव ठेवत नाही. पण ब्रेड हा व्हिडिओ चांगला निघावा म्हणून केलेला धंद्याचा उपाय आहे. ब्रेड, चपाती, बिस्कीट हे माशांचं खाणं नव्हे. शेवाळ खुडून प्रवाळ मोकळं ठेवणारे मासे ते काम सोडून माणसाच्या हाताकडे बघायला लागतात, आणि धीट जातीच तेवढ्या त्या जागी माजतात.

माझा खरा आक्षेप मात्र दुसरा आहे. एका खडपावर (कुठल्या ते मी लिहिणार नाही, आणि तुम्हीही अशा जागा व्हिडिओवर लिहू नका) एक गोब्रा मी तीन हंगाम बघत होते. डाव्या गालफडावर गळाचा जुना व्रण, त्यामुळे ओळखायला सोपा. पहिल्या वर्षी मी हात हलवला तरी आत जायचा. मग तिथे पर्यटकांची ये-जा सुरू झाली, खाऊ घालणं सुरू झालं, आणि तिसऱ्या हंगामात तो बुडबुड्यांचा आवाज ऐकून कपारीतून बाहेर यायला लागला. माणूस आला म्हणजे खाणं आलं, एवढं तो शिकला होता. मार्चमध्ये कपार रिकामी दिसली. तोंडाशी नायलॉनची तुटकी दोरी होती, भाल्याला बांधतात तसली. त्याला कुणी मारलं ते मला ठाऊक नाही. पण पळू नये, हे त्याला आपण सगळ्यांनी मिळून शिकवलं होतं.

पुढच्या वेळी ब्रेड हातात दिला तर घेऊ नका. बुकिंग करतानाच विचारा, खाऊ घालता का. हो म्हणाले तर दुसरीकडे जा. पैसे तुमचे आहेत, तेवढं तुम्ही नक्की करू शकता.

प्रश्न : मुलगा व्हिडिओ बघून श्वास रोखून बुडी मारायचा सराव करतो, भाल्याने मासे मारायचे म्हणतो. बुडी मारण्याआधी भराभर दीर्घ श्वास घेतो. हे बरोबर आहे का? (सांगली)

आजच थांबवा. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. श्वास घ्यावासा वाटण्याची सूचना त्याच्यामुळेच मिळते, ती उशिरा येते, आणि वर येताना कसलीही चाहूल न लागता शुद्ध हरपते. पोहण्याच्या तलावातही माणसं अशी गेली आहेत. एकट्याने कधीच नाही, प्रशिक्षित शिक्षकाशिवाय नाही, आणि आधी डॉक्टरांकडून तपासणी.

प्रश्न : गोव्यात ग्रँड आयलंडला भाल्याने मासे मारणं चालतं म्हणे. (डोंबिवली)

'म्हणे' वर समुद्रात उतरू नका. गोव्याचा मासेमारी कायदा वेगळा आहे, १९८० चा. त्याबद्दल गोव्याच्या मत्स्योद्योग खात्याला विचारा. अनुसूचीतले जीव, म्हणजे समुद्री कासव, समुद्रघोडा, देवमासा, महाकाय गोब्रा, मात्र देशात सगळीकडे संरक्षित आहेत. तिथे 'चालतं'ला जागा नाही.

प्रश्न : फेब्रुवारीत किल्ल्याजवळ दोघांना भाल्यासह पाण्यातून वर येताना पाहिलं. होडीत मासे होते. फोटोही काढला. तेव्हा वाटलं, आपल्याला काय करायचंय. आता राहवत नाही. काय करावं? (बेळगाव)

राहवत नाही हे चांगलं आहे, पण आठ महिने फार झाले. त्या दिवशी कळवलं असतं तर मासे, भाला आणि होडी तिन्ही एका जागी सापडली असती. आता फक्त फोटो उरला आहे.

तरीही कळवा. महाराष्ट्र वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. दिवस, अंदाजे वेळ, किल्ल्याच्या कुठल्या बाजूला, होडीचा रंग आणि नोंदणी क्रमांक दिसत असेल तर तो, एवढं कागदावर लिहून मग फोन करा, म्हणजे काही सुटणार नाही. लेखी तक्रारही द्या आणि पोच घ्या. पुन्हा असं दिसलं तर त्या माणसांशी हुज्जत घालू नका, त्यांच्या हातात भरलेली स्पीअरगन असते. लांबून फोटो घ्या, किनाऱ्याला लागायच्या आत फोन करा. फोटो आधी व्हॉट्सअॅपच्या गटांवर फिरवू नका, त्याने संबंधितच आधी सावध होतात. आणि मोबाइलमधली मूळ फाइल पुसू नका. ती लागेल.