वाचक विचारतात: नातवाला कोणतं पुस्तक आणू?

प्रश्न: नातू साडेतीन वर्षांचा आहे. मुलगा-सून दोघंही मिहानला नोकरीला, त्यामुळे दिवसभर तो आमच्याकडेच असतो. बर्डीच्या बाजारातून बोधकथांचा जाडजूड संच आणला. मी वाचायला बसलो की वाक्य पुरं होऊ देत नाही, भराभर पानं उलटतो आणि एका माकडावर बोट ठेवून बसतो. गोडी लागावी म्हणून काय घ्यावं? पुढे शाळा इंग्रजीच आहे, तर पुस्तकं इंग्रजी घ्यावीत का?
– एक आजोबा, त्रिमूर्तीनगर, नागपूर

आजोबा, गोडी लागलेलीच आहे. बोट माकडावर आहे ना? मग तो वाचतोच आहे. घोळ त्या संचाचा आहे. पानभर बारीक मजकूर आणि कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र, असंच ते असणार. तो संच माळ्यावर टाका, पोरगा सहा-सात वर्षांचा झाला की काढा.

आता दुकानात काय बघायचं ते सांगते. मजकुरावर तळहात ठेवा आणि नुसती चित्रं बघत शेवटापर्यंत जा. गोष्ट अर्धीमुर्धी तरी कळली पाहिजे. मग हात काढून वाचा. पानावर दोन-तीन ओळी, फार तर चार. ‘मनी उडी मारते’ असं लिहिलंय आणि चित्रातही पांढऱ्या कागदावर उडी मारणारी मनी, बाकी काहीच नाही, तर ते पुस्तक परत ठेवा. एकदा वाचलं की संपलं. ओळींत नाही असं काहीतरी चित्रात हवं.

माझ्याकडे धरमपेठेत शनिवारी सकाळी शेजारपाजारची पोरं गोष्ट ऐकायला जमतात. एका पुस्तकात आई आणि मुलगी बाजारात जातात. मजकूर सगळा भाज्यांचा. पण चित्रांत दर पानावर एक मांजर आहे: कधी हातगाडीखाली, कधी कांद्याच्या पोत्याआड, एका पानावर तर नुसतं शेपूट. मजकुरात तिचं नावही नाही. चार वर्षांच्या एका पोट्टीनं ती हेरली आणि वांगी-भेंडी राहिली बाजूला. ही कोणाच्या मागे चालली, मासोळीवाला कुठं बसलाय, आईला दिसत कशी नाही, यावरच सगळी बैठक रंगली. पुढच्या शनिवारी तेच पुस्तक पुन्हा मागितलं. तुमचा नातूही तेच-तेच आणून देईल, तेव्हा कंटाळा दाखवू नका. पुढे काय येणार हे आपल्याला ठाऊक आहे, याचीच मुलांना मजा असते. आणि ‘हा रंग कोणता? हे किती?’ अशी परीक्षा घेऊ नका. त्यापेक्षा ‘आता हा काय करेल गा?’ असं विचारा.

शेवटच्या पानावर तात्पर्य छापलेलं दिसलं की मी पुस्तक मिटते. हा माझा हट्ट समजा.

भाषेचं म्हणाल, तर तुम्ही त्याला ज्या भाषेत रागावता त्याच भाषेत गोष्ट सांगा. इंग्रजी पुस्तकातली चित्रं झकास असतील तर जरूर आणा आणि सरळ मराठीत सांगत सुटा. बर्फातलं अस्वलही त्याला आवडेल, पण तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, लाकडी नंदी ओढत घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागणाऱ्या पोराला पुस्तकात बैल, कूलर, गच्चीवरचे पापड भेटले की त्याच्याकडे सांगायला स्वतःचं काहीतरी असतं. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं बघा. गोष्ट त्यांची, चित्रंही त्यांचीच, त्यामुळे चित्रात आलेलं शब्दांत पुन्हा घोळवत नाहीत. ज्योत्स्ना प्रकाशनाची, नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली आणि प्रथम बुक्सची पातळ पुस्तकंही मागून बघा. त्या संचाच्या पैशात यातली बरीच येतील.

प्रश्न: मुलगी सव्वा वर्षाची. पुस्तक दिलं की चावते, फाडते. आत्ताच देऊ की थांबू?
– एक आई, नंदनवन

थांबू नका, जाड पुठ्ठ्याची द्या. कोपरे गोल असलेली, ओल्या फडक्यानं पुसता येतील अशी. एका पानावर एकच मोठं चित्र पुरे. फाटलं तर चिकटपट्टी लावा, तीही तिच्यासमोर. कपाटात वर ठेवलेलं पुस्तक तिच्या काय कामाचं?

प्रश्न: दर महिन्याला पुस्तकं घेणं परवडत नाही. मोबाइलवर वाचून दाखवलं तर चालेल?
– एक बाबा, हुडकेश्वर

चालेल, फोन तुमच्या हातात असेल तर. प्रथम बुक्सनं 2015 मध्ये स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ सुरू केलं. त्यावर मराठी चित्रपुस्तकं फुकट आहेत, उतरवूनही घेता येतात. पहिल्या पातळीची निवडा, त्यांत मजकूर थोडा असतो. आपोआप वाचून दाखवणारे व्हिडिओ मात्र नकोत, त्यांत पान उलटायचं पोराच्या हाती राहत नाही. एखादं फारच आवडलं तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढा आणि मधोमध दोन टाके घाला.