जाहिरातीतला भाव आणि तीन वर्षांनी निघणारं पीक

प्रश्न : मुलाला दहावीला ८१ टक्के मिळाले. डिप्लोमाला घालायचं ठरलंय. मिस्टर भोसरीत जॉबवर्कच्या वर्कशॉपमध्ये सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर आहेत, तिथे इंजिनचे पार्ट होतात. ते म्हणतात, मेकॅनिकल नको, आमच्याच ऑर्डरी कमी झाल्यात. बाकी सगळे कॉम्प्युटर घ्या म्हणतात. मुलाला मात्र मिक्सर, पंखे उघडून बसायला आवडतं. तीन वर्षांनी कशाला मागणी असेल, हे आधी कळतं का?
– एक आई, भोसरी

ताई, नमस्कार.

थोडं कळतं. अमुक नोकरी, अमुक पगार असं कुणीच सांगू शकणार नाही, पण वारा कुठून वाहतोय हे कळतं. चाकणच्या बाजारात कांदा नेणाऱ्या कुणालाही विचारा. लागवडीच्या वेळी भाव चढा असला की सगळे कांदाच लावतात आणि काढणीला भाव पडतो. कोर्सचंही तसंच, फक्त हे पीक तीन वर्षांनी हाती येतं. यंदा सगळे कॉम्प्युटर घेत असतील तर ती सगळी मुलं एकाच वेळी नोकरी शोधायला बाहेर पडणार. कॉम्प्युटर वाईट असं मी म्हणत नाही, पण केवळ गर्दी बघून शाखा निवडू नका.

मिस्टरांचं म्हणणं मला फार मोलाचं वाटलं. ऑर्डरी कमी झाल्याचं मशीनवरच्या माणसाला आकडेवारीच्या कितीतरी आधी कळतं. त्यांना एवढंच विचारा, नेमका कुठला पार्ट कमी झालाय? बॅटरीवरच्या गाडीला पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँकशाफ्ट, सायलेन्सर काहीच लागत नाही. ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, चाकं, बॉडीचे प्रेस पार्ट मात्र लागतातच. वर मोटर, बॅटरी पॅक, वायरिंग हार्नेस ही कामं वाढतात. त्यांचा पार्ट पहिल्या यादीतला असेल तर त्यांची काळजी खरी आहे, पण ती त्या पार्टपुरती. त्यावरून सगळी मेकॅनिकल शाखा बाद करू नका.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी मोजत नाही, ती म्हणजे निवृत्ती. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली, म्हणजे आपल्या पट्ट्यात कामगारांच्या पिढ्या बदलत आल्यात. कारखाना जराही वाढला नाही तरी मेंटेनन्सचा जुना माणूस घरी बसला की जागा निघते. फक्त त्या जागेवर आता वेगळा माणूस लागतो. पूर्वी फिटर वेगळा आणि इलेक्ट्रिशियन वेगळा असायचा. आता लाइन बंद पडली की बेअरिंगही बघणारा आणि पीएलसी (मशीन आपोआप चालवणारा छोटा कॉम्प्युटर), सेन्सरही समजणारा एकच जण हवा असतो. मिक्सर उघडून बसणारा तुमचा मुलगा मला इथे दिसतो.

पण माझ्या शब्दावर जाऊ नका, त्यालाच शोधू द्या. किती लोकांना काम आहे हे बघणारं केंद्र सरकारचं श्रमबल सर्वेक्षण २०१७ पासून नियमित होतं. त्यातून देशाचं, राज्याचं चित्र कळतं, भोसरीतल्या गल्लीचं कळत नाही. त्यासाठी नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याचं महास्वयम ही दोन पोर्टल उघडून पंधरा दिवस त्याने चाकण, भोसरी, रांजणगावच्या जाहिराती वाचाव्यात. चाळीसेक झाल्या तरी पुरे. पदाचं नाव सोडून द्या, काय यायला हवं ते वहीत लिहा आणि जे शब्द पुन्हा पुन्हा येतात त्यांच्यापुढे खुणा करा. एकच जागा तीन एजन्सी टाकतात, ती एकदाच मोजा. किती वर्षांचा अनुभव मागितलाय तेही लिहा, कारण पाच वर्षं अनुभवाची जागा त्याच्यासाठी नाही. छोटी वर्कशॉप पोर्टलवर येतच नाहीत. त्यांच्या गेटवर ‘पाहिजेत’चे बोर्ड असतात. सुट्टीच्या दिवशी बापलेकांनी टेल्को रोडला एक चक्कर मारून ते बोर्डही उतरवून घ्यावेत.

कॉलेजात सगळ्यात मोठं पॅकेज किती, हे विचारूच नका. गेल्या वर्षी या शाखेची किती मुलं पास झाली, त्यातली किती लागली, कंपनीच्या रोलवर की कॉन्ट्रॅक्टवर, हे विचारा. शिकाऊ उमेदवारीचंही विचारा. ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना कायद्याने शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. डिप्लोमानंतरचं ते एक वर्ष मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण स्टायपेंड थोडा असला तरी खऱ्या लाइनवर हात बसतो.

माझा कल विचाराल तर इलेक्ट्रिकल, किंवा जवळच्या चांगल्या कॉलेजात असेल तर मेकॅट्रॉनिक्स, म्हणजे मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र. दोन्ही नाही मिळालं तर मेकॅनिकल घ्या आणि दुसऱ्या वर्षापासून पीएलसी शिकू द्या. पुढे डिग्री करायची झाली तर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, ती वाट बंद होत नाही.

वही भरली की ऑप्शन फॉर्म (कॉलेज आणि शाखांच्या पसंतीचा फॉर्म) भरायच्या आधी मुलालाच मला लिहू द्या. कुठल्या शब्दांपुढे सगळ्यात जास्त खुणा पडल्या ते त्याने कळवावं, मग शाखांचा क्रम आपण मिळून लावू.