सहा भाग पाहून ‘बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज’ सोडावी का?

तुम्ही विचारलंय की ‘बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज’चे पहिले सहा भाग डिस्कवरच्या (डीव्हीडी-ब्लूरेवरच्या) क्रमाने पाहिले, वाईट वाटले नाहीत, पण डोक्यावर घेण्यासारखंही काही दिसलं नाही. मग काही प्रेक्षक हिला सुपरहिरोंची आजवरची सर्वोत्तम मालिका का म्हणतात, काही जण जुनाट आणि संथ म्हणून मध्येच का सोडतात, आणि पुढचे भाग पाहण्यात अर्थ आहे का?

अर्थ नक्की आहे. पण तुम्ही जिथे थांबलात तिथे का थांबलात हे मला पुरतं कळतं. सहावा भाग ‘द अंडरड्वेलर्स’, गटारात अनाथ मुलांना राबवून घेणाऱ्या माणसाचा. मी ही मालिका दोनदा पाहिली आणि दोन्ही वेळा तो भाग कधी संपतो असं झालं.

पहिल्यांदा पाहिली ती शाळेत असताना, टीव्हीवर जो भाग लागेल तो. दुसऱ्यांदा तिशी उलटल्यावर, सगळे ८५ भाग ओळीने. या दुसऱ्या खेपेला कळलं की मतभेदाचं पहिलं कारण फार साधं आहे. प्रत्येकाने वेगळे भाग पाहिलेले असतात. मालिकेत सलग कथानक नाही. थोडे जोडभाग (दोन भागांत सांगितलेल्या कथा) सोडले तर प्रत्येक गोष्ट वीस-बावीस मिनिटांत सुरू होते आणि संपते. डिस्कवरचा क्रम म्हणजे भाग तयार झाले तो क्रम. प्रक्षेपण मात्र वेगळ्याच क्रमाने झालं. अमेरिकेत फॉक्सने ५ सप्टेंबर १९९२ला सुरुवात केली ती कॅटवूमनच्या ‘द कॅट अँड द क्लॉ’ने, जो निर्मितीत पंधरावा होता. तुम्ही पहिला म्हणून पाहिलेला ‘ऑन लेदर विंग्ज’ दुसऱ्या दिवशी लागला. तिसऱ्या दिवशी ‘हार्ट ऑफ आइस’, मग लागोपाठ हवा तो चेहरा घेणाऱ्या क्लेफेस या खलनायकाचे दोन भाग, आणि ११ तारखेला ‘जोकर्स फेव्हर’. म्हणजे त्या वेळच्या मुलांना पहिल्याच आठवड्यात मालिकेतलं बरंच उत्तम पाहायला मिळालं. तुमच्या क्रमात ‘हार्ट ऑफ आइस’ चौदावा आहे आणि ‘जोकर्स फेव्हर’ बाविसावा. तुम्ही अजून त्यांच्या जवळपासही पोचलेला नाहीत.

‘हार्ट ऑफ आइस’वर मी जरा थांबतो, कारण मालिकेबद्दल मला जे म्हणायचंय ते सगळं त्यात आहे. मिस्टर फ्रीझ हा कॉमिक्समधला १९५९पासूनचा खलनायक. हातात बर्फ फेकणारी बंदूक, अंगात चिलखत, आणि त्यापलीकडे फारसं काही नाही. पॉल डिनी यांनी लिहिलेल्या आणि ब्रूस टिम यांनी दिग्दर्शित केलेल्या या भागाने त्याला एक बायको दिली. नोरा. तिला असाध्य आजार आहे, म्हणून शास्त्रज्ञ नवऱ्याने तिला गोठवून जिवंत ठेवलंय आणि तो उपाय शोधतोय. कंपनीचा मालक फेरिस बॉयल खर्च परवडत नाही म्हणून प्रयोग बंद पाडायला येतो. झटापटीत नवरा रसायनांत फेकला जातो, आणि यापुढे शून्याखालच्या थंडीतच जगू शकेल असा होऊन बसतो. त्याच बॉयलला पुढे शहर मानवतावादी म्हणून गौरवतं.

आता बॅटमॅन कुणाच्या बाजूने उभा राहणार? तो फ्रीझला थांबवतो, कारण फ्रीझ निरपराध माणसांनाही गोठवत सुटलाय. पण बॉयलविरुद्धचा पुरावाही तोच पत्रकाराच्या हाती देतो. मधे एक बारीक गंमत आहे. बॅटमॅनला त्या दिवशी सर्दी झालीय, आणि त्याचा जुना नोकर आल्फ्रेड याने थर्मासात भरून दिलेल्या गरम चिकन सूपनेच फ्रीझच्या डोक्यावरचं काचेचं शिरस्त्राण फुटतं. शेवटी कोठडीत फ्रीझ, हातात नाचणाऱ्या बाहुलीचा काचगोळा, आणि तो नोराची क्षमा मागतोय. मायकेल अन्सारा यांनी त्याला आवाज दिलाय तो संपूर्ण भागभर सपाट, ओलावा नसलेला, आणि म्हणूनच तो शेवट ऐकवत नाही. लहानपणी मला यातलं सूप तेवढं आठवत होतं. मोठेपणी पाहताना बायकोजवळ बसलो होतो आणि शेवटच्या मिनिटाला काहीच बोलता आलं नाही.

या भागाच्या लेखनाला डेटाइम एमी पुरस्कार मिळाला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नोराची कथा नंतर कॉमिक्सनेही आपलीशी केली. मुलांच्या दुपारच्या कार्यक्रमातून मूळ पुस्तकांत गोष्ट परत जाणं हे काही रोज घडत नाही.

या मालिकेत ‘बॅटमॅन याला कसा हरवणार’ हा खरा प्रश्न नसतोच. हा माणूस इथवर कसा आला, हा असतो. हाणामारी पाहायला बसलेल्या प्रेक्षकाचा विरस होतो तो इथे. ‘संथ आहे’ ही तक्रार मी खोटी मानत नाही, कारण हाणामारीच्या मापाने मोजली तर मालिका संथच आहे. ‘टू-फेस’च्या जोडभागात तर हार्वी डेंटचा चेहरा भाजतो तो पहिल्या भागाच्या अगदी शेवटी. तोवर आपण काय पाहतो? निवडणुकीला उभा असलेला एक चांगला सरकारी वकील, ब्रूस वेनचा (म्हणजे मुखवट्यामागच्या बॅटमॅनचा) मित्र, आणि त्याच्या आत लहानपणापासून दाबून ठेवलेला राग. दुसऱ्या भागात बॅटमॅन त्याला ठोसा मारून नमवत नाही. नाण्यांनी भरलेली पेटी उलटी करतो, आणि आपलं नाणं सापडत नाही म्हणून हार्वी गुडघ्यांवर कोसळतो. नाण्यावाचून त्याला एकही निर्णय घेता येत नाही. मला यापेक्षा भीषण पराभव ॲनिमेशनमध्ये आठवत नाही, आणि त्यात जिंकणाऱ्यालाही आनंद झालेला नाही.

‘लहान मुलांची’ हा दुसरा आरोप. मालिका मुलांसाठीच होती, त्यात लपवण्यासारखं काय आहे? वाहिनीचे नियम कडक होते. मृत्यू सरळ दाखवायची सोय नव्हती. पण ‘रॉबिन्स रेकनिंग’मध्ये पुढे रॉबिन होणाऱ्या डिकच्या, सर्कशीत झोके घेणाऱ्या आईवडिलांचा शेवट कसा दाखवलाय पाहा. दोघं झोक्यावरून चौकटीबाहेर जातात आणि परत येतो तो फक्त तुटलेला दोर. एवढंच. रक्त दाखवायची मुभा असती तर हा दोर कुणाला सुचला असता असं मला वाटत नाही. या कथेच्या पहिल्या भागाला १९९३चा प्राइमटाइम एमी मिळाला.

दिसण्याबद्दल मात्र मी भांडायला तयार आहे, कारण ‘जुनाट’ म्हणणाऱ्यांशी माझं इथे अजिबात पटत नाही. मालिकेच्या निर्मात्यांपैकी एक, एरिक राडोम्स्की यांनी पार्श्वभूमी पांढऱ्याऐवजी काळ्या कागदावर रंगवून घेतल्या. सगळीकडे अंधार आधीच आहे आणि चित्रकार त्यात फक्त उजेड भरतोय, अशी ती पद्धत. त्यामुळे गॉथममध्ये, म्हणजे बॅटमॅनच्या शहरात, खिडकीचा पिवळा चौकोनसुद्धा मोलाचा वाटतो. वर आकाशात पोलिसांची हवाई जहाजं, रस्त्यावर जुन्या धाटणीच्या लांबलचक मोटारी, घरांत कृष्णधवल टीव्ही, आणि त्याच शहरात संगणक. हे शहर कोणत्याच दशकातलं नाही. ते १९९२लाही जुनं दिसत होतं, आणि तसंच दिसावं अशी योजना होती. सुरुवातीच्या दृश्यावर मालिकेचं नावसुद्धा नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? दोन दरोडेखोर, गच्ची, वीज, आणि त्या विजेत उभी आकृती. नाव लिहायची गरजच पडली नाही.

आवाज आणि संगीत हा मालिकेचा निम्मा जीव. केव्हिन कॉनरॉय ब्रूस आणि बॅटमॅन यांना दोन वेगळे आवाज देतात, आणि थोडं लक्ष दिलं की कळतं, खरा आवाज बॅटमॅनचा आहे, वेष ब्रूसचा. ते नोव्हेंबर २०२२मध्ये गेले, आणि माझ्यासारख्या अनेकांच्या मनात बॅटमॅन आजही त्यांच्याच आवाजात बोलतो. मार्क हॅमिल यांना आधी मिळाला होता तो फेरिस बॉयल, जोकर नंतर. ध्वनिमुद्रणाच्या दिग्दर्शिका आंद्रेआ रोमानो शक्यतो सगळ्या कलाकारांना एकाच खोलीत एकत्र बसवून मुद्रण करत, आणि संवाद एकमेकांवर आदळताना ते जाणवतं. शर्ली वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भागागणिक वाद्यवृंदाचं नवं संगीत रचलं. हेडफोन लावून पाहा एकदा.

आता दोष. चित्रं हलवण्याचं काम वेगवेगळ्या स्टुडिओंकडे गेलं होतं, आणि दर्जातला फरक डोळ्यांत खुपतो. क्लेफेसच्या ‘फीट ऑफ क्ले’चा दुसरा भाग जपानच्या टोकियो मूव्ही शिन्शाने केलाय. शेवटी भोवतीच्या पडद्यांवर स्वतःच्या जुन्या भूमिका दिसू लागतात आणि क्लेफेस ताबा सुटून एकामागून एक चेहरे बदलत वितळत जातो, तो प्रसंग आजही थक्क करतो. त्याच्याच आधीचा पहिला भाग पाहिला तर पात्रांचे चेहरे दृश्यागणिक बदलल्यासारखे दिसतात. कॅटवूमनच्या वाट्याला मालिकेने फार उत्तम कथा दिल्या असंही मला वाटत नाही. आणि ‘आय हॅव गॉट बॅटमॅन इन माय बेसमेंट’ तुम्ही वगळलात तर काही बिघडणार नाही.

जोकरची साथीदार हार्ली क्विन हिच्यावरून प्रेक्षकांत होणारा वाद मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ती मूळ कॉमिक्समधली नाही, इथेच ‘जोकर्स फेव्हर’मध्ये जन्मली, आर्लीन सॉर्किन यांच्या आवाजात. काही प्रेक्षकांचं म्हणणं असं की जोकर तिला वागवतो त्यातून विनोद काढणं चुकीचं आहे. काहींना त्यात त्या नात्याचं खरं चित्र दिसतं. मी लहानपणी त्या प्रसंगांना हसलो होतो. आता हसू येत नाही, आणि मला वाटतं लिहिणाऱ्यांनाही ते पुरतं ठाऊक होतं, नाहीतर ‘हार्ली अँड आयव्ही’मध्ये तिला जोकरपासून दूर मोकळा श्वास घेताना त्यांनी इतक्या मायेने दाखवलं नसतं.

१९९७च्या ‘द न्यू बॅटमॅन ॲडव्हेंचर्स’च्या २४ भागांत पात्रांची चित्रं बदलली, रेषा कमी झाल्या, जोकरचे लाल ओठ गेले. त्यावरही बरीच भांडणं आहेत. मला स्केअरक्रो या खलनायकाचं नवं रूप आवडतं, जोकरचं नाही. इतकंच.

राहिला ‘हे सगळं बालपणीच्या आठवणींचं प्रेम आहे’ हा मुद्दा. तो टाळून चालणार नाही, कारण मालिकेनेच तो एका भागात घेतलाय. ‘बिवेअर द ग्रे घोस्ट’मध्ये सायमन ट्रेंट हा म्हातारा नट आहे. एका जुन्या मालिकेतला नायक म्हणून तो इतका ओळखला गेला की नंतर त्याला कुणी काम दिलं नाही. घरभाड्यासाठी तो त्या काळच्या वस्तू विकतोय. आणि ती मालिका लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून पाहणारा मुलगा होता ब्रूस वेन. ट्रेंटचा आवाज ॲडम वेस्ट यांचा, म्हणजे १९६६च्या मालिकेत स्वतः बॅटमॅन झालेल्या आणि त्या भूमिकेच्या छायेत अडकलेल्या नटाचा. ट्रेंटला जेव्हा कळतं की त्याचं काम पाहून कुणीतरी मोठा झाला, तेव्हाचा त्यांचा आवाज ऐका. बालपणीचं प्रेम म्हणून मत बाद ठरत असेल, तर या भागातला बॅटमॅनही बाद ठरतो.

तेव्हा सातवा ‘पी.ओ.व्ही.’ हवा तर पाहा, बरा आहे, तीन पोलीस एकच घटना तीन तऱ्हांनी सांगतात. मग थेट दहावा-अकरावा, म्हणजे ‘टू-फेस’, एकाच बैठकीत. त्यानंतर चौदावा ‘हार्ट ऑफ आइस’, अठरावा ‘ग्रे घोस्ट’, विसावा-एकविसावा क्लेफेस, बाविसावा ‘जोकर्स फेव्हर’. त्यात रस्त्यावर एका गाडीवाल्याला शिवी घालणारा साधा संसारी माणूस आहे, आणि ती गाडी निघते जोकरची. पुढे ‘परचान्स टू ड्रीम’, ‘रॉबिन्स रेकनिंग’ आणि खलनायक पत्ते खेळत बसतात तो ‘ऑलमोस्ट गॉट इम’. शेवटच्याबद्दल आधी कुठेही काही वाचू नका. आणि ‘हार्ट ऑफ आइस’ शांतपणे, एकटे बसून पाहिल्यावरही आत काही हललं नाही, तर खुशाल थांबा. मग ही मालिका तुमची नाही, आणि तसं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.