वाचकांचे प्रश्न: रात्री होडीवर कुठला दिवा?

प्रश्न: माझी साडेपाच मीटरची फायबर होडी आहे, अंधार पडल्यावरही मांडवीत बेतीच्या बाजूला नेतो. पुढे मोठा एलईडी फोकस लावलाय, सगळं लख्ख दिसतं, तरी बार्जवाले ओरडतात. नक्की काय हवंय त्यांना?
– एक वाचक, पणजी

उत्तर: ओरडणारच, कारण तुमच्या फोकसने त्यांचे डोळे दिपतात आणि होडी कुठे चाललीय ते मात्र अजिबात कळत नाही. मांडवी समुद्राला जोडलेली, त्यामुळे १९७२ चे कोलरेग्ज, म्हणजे जहाजांची टक्कर टाळायचे आंतरराष्ट्रीय नियम, इथे डोळ्यासमोर ठेवायचे. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत, आणि धुकं किंवा जोराचा पाऊस असला तर दिवसाही, डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा आणि वर चारी बाजूंनी दिसणारा पांढरा. १२ मीटरच्या आतल्या इंजिनवाल्या होडीला एवढं पुरतं.

आता बार्जच्या सुकाण्यावर उभे आहात असं समजा. समोर लाल-हिरवा दोन्ही दिसले तर कोणीतरी सरळ अंगावर येतंय, दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं. उजव्या हाताला नुसता लाल दिसला तर तो आडवा जातोय, वाट तुम्ही द्यायची. डाव्या हाताला हिरवा दिसला तर वाट त्याने द्यायची, पण म्हणून डोळे मिटून पुढे जाऊ नका, तो देतोय का ते बघत राहा. हे सगळं दोन रंगांवर चालतं आणि तुमच्या फोकसमध्ये नेमके तेच नाहीत.

७ मीटरच्या आतली होडी असेल आणि तिचा जास्तीत जास्त वेग ७ नॉट, म्हणजे ताशी साधारण १३ किमीच्या वर जातच नसेल, तर एकटा पांढरा दिवा चालतो, जमलं तर लाल-हिरवाही लावा म्हणतात. तुमचं इंजिन त्याहून जोरात पळवत असेल तर ही सवलत विसरा. आणि तसंही मांडवीत मी ती घेणार नाही, एका अंगाला कॅसिनोची रोषणाई, मधून फेरीबोटी, त्यात एकटा पांढरा ठिपका कोणाला दिसणार!

प्रश्न: लाल-हिरवे दिवे बाजारातून आणून होडीच्या काठावर उघडेच स्क्रूने बसवले, चालतील ना? आणि पर्यटकांना आवडतात म्हणून रंगीत पट्ट्याही लावल्यात.
– एक वाचक, मालवण

उत्तर: उघडे नकोत. लाल आणि हिरवा प्रत्येकी ११२.५ अंशातच दिसला पाहिजे, नाकासमोरून आपापल्या बाजूला काटकोनाच्या थोडं मागेपर्यंत. आड न लावलेला हिरवा डावीकडूनही दिसतो आणि समोरचा उलटंच समजतो. छोट्या होडीला मधोमध एकच जोडदिवा बसवता येतो, ते सोपं. पांढरा दिवा या दोघांपेक्षा किमान १ मीटर उंच हवा, आणि तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, उभा राहिला की त्याच्या डोक्याआड जाणार नाही असा. पट्ट्यांचं म्हणाल तर नेमाच्या दिव्यांशी गल्लत होईल किंवा ते झाकले जातील असा कुठलाही दिवा चालत नाही, म्हणजे उजव्या अंगाला लाल पट्टी असेल तर ती आजच काढा.

प्रश्न: उजनीच्या पाण्यात वल्ह्याची होडी, इंजिन नाही, बॅटरी नाही. आम्ही काय लावायचं?
– एक वाचक, इंदापूर

उत्तर: इंजिनाच्या बोटींसाठी देशात २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे, १९१७ चा जुना गेला. उजनी समुद्राला जोडलेली नाही, त्यामुळे कोलरेग्ज तिथे थेट लागू नाहीत, पण वल्ह्याच्या होडीसाठी त्यातली साधी गोष्ट उपयोगी पडते: पांढऱ्या उजेडाचा टॉर्च किंवा कंदील हाताशी तयार ठेवायचा आणि कोणी जवळ येताना दिसलं की वेळेत दाखवायचा. टॉर्च पिशवीच्या तळाशी नको, आणि समोरच्याच्या डोळ्यांत न मारता स्वतःच्या होडीवर पाडा म्हणजे होडीचा आकार दिसतो.