सगळ्याच हार्ड डिस्क फोडायला घेऊ नका

प्रश्न : दादरला आमचं भागीदारीतलं कर सल्लागाराचं कार्यालय आहे. नवे संगणक घेतल्यावर जुन्यांच्या हार्ड डिस्क कपाटात पडून आहेत. लॅमिंग्टन रोडचा एक व्यापारी फॉरमॅट करून त्या विकत घ्यायला तयार आहे. मात्र एका क्लायंटला नुकतीच जीएसटीची नोटीस आली असून त्याची जुनी कागदपत्रं यातल्याच एका डिस्कवर आहेत. भागीदार म्हणतात, सगळ्याच फोडून टाकू, कटकट नको. काय करावं?

उत्तर : भागीदारांना आजच थांबवा. पुरावा म्हणून सादर करावा लागेल असा इलेक्ट्रॉनिक अभिलेख, तो सादर होऊ नये या हेतूने नष्ट केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 241 खाली 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोटिशीनंतर डिस्क फोडली तर हेतू तसा नव्हता हे पटवून देताना नाकी नऊ येतील. ती डिस्क संगणकाला जोडूही नका, नुसतं जोडण्यानेही फायलींच्या तारखा बदलू शकतात. पाकिटात सीलबंद करा, वर सिरियल नंबर आणि तारीख लिहा, दोघांनी सह्या करा. पुढे हा पुरावा द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे हॅश व्हॅल्यूसह (डेटा बदललेला नाही हे दाखवणारा, त्या डेटावरूनच काढलेला सांकेतिक आकडा) प्रमाणपत्र लागेल. ते काम जाणकाराकडूनच करून घ्या.

बाकीच्या डिस्कवर काय आहे ते आधी बघा. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावे लागतात, अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहूनही जास्त. ही जबाबदारी क्लायंटची असली तरी त्याच्याकडे प्रत आहे याची खात्री झाल्याशिवाय तुमची पुसू नका.

त्या व्यापाऱ्याला मात्र नाही म्हणा. अनुक्रमणिकेचं पान फाडल्याने पुस्तकातला मजकूर जात नाही, साध्या फॉरमॅटचं तसंच आहे. कर सल्लागाराच्या डिस्कवर आधारच्या स्कॅन प्रती, बँक खात्यांचे तपशील आणि बहुतेक वेळा क्लायंटच्या पोर्टल-पासवर्डची एक्सेल शीटही असते. पासवर्ड आणि आर्थिक माहिती ही कायद्याने संवेदनशील माहिती आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 43अ भागीदारी संस्थेलाही लागू होतं, निष्काळजीपणामुळे नुकसान झालं तर भरपाई तुमच्यावर येते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 मध्ये सुरक्षेतल्या कुचराईला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले, मुख्य जबाबदाऱ्यांना 18 महिन्यांची मुदत आहे. काम दुसऱ्याला दिलं म्हणून या कायद्याखाली हात झटकता येत नाहीत.

जुनी फिरत्या चकतीची डिस्क चालू स्थितीत असेल तर संपूर्ण डिस्कवर एकदा नवा डेटा लिहून तो तपासला की पुरतं. एसएसडीचं, म्हणजे चकतीऐवजी चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कचं, तसं नाही. तिच्यातला कंट्रोलर (डेटा कुठे लिहायचा ते ठरवणारा भाग) लिखाण इकडेतिकडे वाटत असल्याने काही जुने भाग तसेच राहतात, आणि चुंबकाचा तर तिच्यावर परिणामच होत नाही. उत्पादकाने दिलेली सिक्युअर इरेज (पूर्ण पुसून टाकण्याची) सोय वापरा किंवा श्रेडिंग, म्हणजे यंत्रात बारीक तुकडे, करून घ्या. ड्रिलचं भोक पाडून भागत नाही, चिप शाबूत राहू शकते.

श्रेडिंगसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेला ई-कचरा पुनर्वापरकर्ता गाठा. शक्यतो काम डोळ्यांदेखत करून घ्या. प्रमाणपत्रात प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर, पद्धत आणि तारीख हवी. नुसती वजनाची पावती घेऊ नका, तिने काहीच सिद्ध होत नाही.

भागीदार तरीही ऐकत नसतील तर नोटीस आलेल्या क्लायंटची ती डिस्क नष्ट करायला तुमची संमती नाही असं त्यांना आजच ईमेलने कळवा, आणि डिस्क तुमच्याकडे जपून ठेवल्याचं क्लायंटलाही लेखी कळवा.