आधी तांदळाचा भाव विचार

चि.स अनेक आशीर्वाद.

काजूबीच्या खरेदीसाठी या हंगामात तुला पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊला पाठवत आहेत, हे ऐकून मनापासून आनंद झाला. आउटटर्न, म्हणजे कच्च्या बीतून चांगला गर किती निघतो त्याचा आकडा, काढणे, बीतला ओलावा तपासणे, कंटेनर भरून घेणे ही कामे तू कारखान्यात चांगली शिकला आहेस, म्हणून त्यांविषयी लिहीत नाही. ज्यांच्याकडून तू माल घेणार आहेस त्यांच्या घरातल्या भाताविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण तो समजायला मला फार उशीर लागला.

उत्तरेला सेनेगल, पूर्वेला व दक्षिणेला गिनी आणि पश्चिमेला अटलांटिक महासागर, यांच्यामध्ये वसलेला हा देश 36,125 चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढा आहे आणि लोकसंख्या सुमारे 20 लाख आहे. जमीन इतकी सखल आहे की भरतीचे पाणी गेबा, काशेऊ या नद्यांतून दूरवर आत शिरते आणि काठाकाठाने खारफुटी माजलेली दिसते. या खाऱ्या चिखलातून बलांता जमातीच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भातशेती उभी केली. तिला तिकडे ‘बोलान्या’ म्हणतात. खारफुटी तोडून मातीचा बांध घालायचा, पावसाच्या पाण्याने जमिनीतले मीठ धुऊन काढायचे आणि पोखरलेल्या झाडाच्या खोडाची नळी बांधात बसवून जादा पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर सोडायचे, अशी ती रीत आहे. लांब दांड्याच्या, टोकाला लोखंडी पाते असलेल्या लाकडी फावड्याने गुडघाभर चिखलात सऱ्या काढणारी माणसे मी पाहिली, तेव्हा आपल्याकडची खारबंदिस्ती आणि गोव्यातली खाजणे डोळ्यांपुढे आली. बांध एकदा फुटला की खारे पाणी आत येते आणि ते शेत पुढची काही वर्षे हातचे जाते, हे कोकणच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

पोर्तुगिजांविरुद्ध 1963 मध्ये सुरू झालेल्या स्वातंत्र्ययुद्धात असे कितीतरी बांध फुटले आणि कित्येक शेते ओस पडली. त्या लढ्याचे नेते अमिल्कार काब्राल हे शिक्षणाने कृषितज्ज्ञ होते. 1953 च्या शेतीगणनेसाठी ते गावोगाव हिंडले आणि कोण काय पिकवतो, काय खातो हे त्यांनी जवळून पाहिले. मला त्यांच्याविषयी जो आदर आहे तो मुख्यतः या पायपिटीसाठी आहे. त्यांचा पक्ष स्थापन झाला तो त्यानंतर, 1956 मध्ये. पोर्तुगीज वसाहतींतल्या चळवळींची 1961 मध्ये कॅसाब्लांकाला जी परिषद भरली, तिच्यात त्यांच्या पक्षाबरोबर गोव्याचेही प्रतिनिधी होते. 20 जानेवारी 1973 रोजी काब्राल यांची हत्या झाली, त्याच वर्षी 24 सप्टेंबरला स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि पोर्तुगालने ते 1974 मध्ये मान्य केले.

पूर्वी भुईमूग हे तिथले मुख्य निर्यातपीक होते. पुढे, विशेषतः 1980 च्या दशकापासून, त्याची जागा काजूने घेतली. ब्राझीलचे हे झाड पोर्तुगिजांनी जसे गोव्यात आणले तसे तिकडेही नेले. आज देशाच्या निर्यातीच्या उत्पन्नाचा बहुतांश भाग एकट्या काजूचा आहे. बी फोडण्याचे कारखाने तिथे नगण्य असल्यामुळे जवळजवळ सगळा माल कच्चाच भारतात आणि व्हिएतनामला जातो. बाया सकाळी झाडांखाली पडलेली फळे गोळा करतात, बोंडूपासून बी पिळून वेगळी करतात आणि बोंडूचा रस आंबवून त्याची दारू विकतात. बीच्या पैशातून घरात तांदूळ येतो, आणि आता तो बराचसा परदेशातून आलेला असतो.

एका गावात मी पोत्यातला नमुना घेऊन बिया कापत बसलो होतो. डागी गर एका बाजूला, सुरकुतलेला दुसऱ्या बाजूला. गर चांगला भरत होता, तरी घासाघीस करण्याच्या सवयीने मी भाव पाडून सांगितला. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शांतपणे विचारले, ‘‘इथे एक किलो तांदळाला किती काजू मोजावा लागतो, तुम्हाला ठाऊक आहे का?’’ मला ठाऊक नव्हते. चांगल्या वर्षी एका किलोला एक किलो आणि वाईट वर्षी दोन, तीन किलोही. सरकार हंगामाच्या तोंडावर किमान दर जाहीर करते, पण बाजार कोसळला की तो कागदावर राहतो. 12 एप्रिल 2012 चे लष्करी बंड तर ऐन हंगामात झाले. अशा वेळी पावसाळ्यापूर्वी तांदूळ भरून ठेवायची घाई असलेला शेतकरी मिळेल त्या भावाला माल देतो. त्या घाईचा फायदा तू घेऊ नकोस, ही माझी कळकळीची विनंती आहे.

राजभाषा पोर्तुगीज असली तरी माणसे एकमेकांशी क्रिओल, म्हणजे पोर्तुगीजमधून घडलेली तिथली बोली, बोलतात, तेव्हा ती कामापुरती तरी शीक. गावाला तिथे ‘ताबांका’ म्हणतात. तिथे गेल्यावर आधी ‘कुमा दि कुर्पु’ म्हणून प्रकृती विचारायची, घरच्यांची चौकशी करायची आणि मगच काट्याकडे वळायचे. बायकांची ‘मांजुआंदादी’ नावाची मंडळे असतात. त्या एकत्र गातात, आपल्या भिशीसारखे पैसे साठवतात आणि एकमेकींच्या अडीअडचणीला धावतात. गावातला खरा हिशेब तुला त्यांच्याकडून कळेल. सवड मिळाली तर बिजागोस बेटांवर जाऊन ये. तिथले समुद्रकाठचे पाणघोडे मला पाहता आले नाहीत, याची रुखरुख अजून आहे.

पहिल्या गावाहून पत्र लिहिशील तेव्हा आउटटर्नच्या आकड्याशेजारी तिथल्या 50 किलो तांदळाच्या पोत्याचा भावही लिही. मी वाट पाहतो.